राजा लाजून पळाला

राजकन्येनं साठी गाठत आणली होती. गुडघे कुरकुरायचे, चाळिशीशिवाय कागदावरचं अक्षर दिसायचं नाही. पण आवाज असा, की डोळे मिटून ऐकणाऱ्याला वाटावं, ही पोर आत्ता शाळेतून सुटून आली. परदेशी चित्रपटांना आपल्या भाषेत आवाज द्यायचा, म्हणजे डबिंगचा, तिचा धंदा. पडद्यावर आजवर जितक्या राजकन्या, नर्सा, हरवलेल्या मुली आणि प्रेमात पडलेल्या मास्तरणी बोलल्या, त्या बहुतेक सगळ्या तिच्या गळ्यातून बोलल्या. स्टुडिओतल्या माणसांनी तिचं नावच राजकन्या पाडलं आणि ते बाजारापर्यंत पोचलं. भाजीवाला सगळ्यांदेखत ओरडायचा, "राजकन्या, कांदे बघा, एकही सडका नाही!"

तिचा नवरा खलनायक. त्याचा खर्ज ऐकून थिएटरातली लहान मुलं आईच्या कुशीत शिरायची. घरात मात्र त्याला मांजरसुद्धा जुमानत नव्हतं. झुरळ दिसलं की तो खुर्चीवर चढायचा आणि त्याच भयंकर खर्जात म्हणायचा, "अगं, जरा येतेस का?"

स्टुडिओत तिसरा माणूस म्हणजे काचेपलीकडे कानाला हेडफोन लावून बसणारा रेकॉर्डिस्ट. गाणं शिकायला गेला होता, गुरुजींनी आठवड्यात परत पाठवला. "तानसेन होणं नशिबात नव्हतं, म्हणून कानसेन झालो," असं तो स्वतःच सांगायचा, आणि तेच नाव त्याला चिकटलं.

नवं सरकार आलं तेव्हा त्यानं आधी रेडिओ ताब्यात घेतला. बातम्या बदलल्या, मग गाणी बदलली. मग वर्तमानपत्रं. शहरात पुष्कळ वर्तमानपत्रं निघायची, ती पुढेही निघत राहिली, फक्त सगळ्यांत एकच बातमी आणि सरकारच्या प्रमुखांचा, माननीय सर्वोच्चांचा, एकच फोटो. खलनायकाला त्यात सोय दिसली. "बरंय की," तो म्हणाला, "एक वाचलं की सगळी वाचून होतात." नाट्यगृहावर 'दुरुस्तीसाठी बंद' अशी पाटी लागली. इमारत ठणठणीत होती, दुरुस्ती नाटकांची चालली होती. गल्लीतल्या चित्रकाराला कळवण्यात आलं, की यापुढे सूर्य फक्त उगवताना दाखवावा. त्यानं आपली जुनी चित्रं तशीच ठेवली आणि खाली 'पहाट' लिहून टाकलं.

स्टुडिओकडे कुणी फिरकलं नाही. "आपल्याला कोण विचारतंय?" कानसेन म्हणायचा. "तोंडं दुसऱ्यांची, शब्द तिसऱ्यांचे. आपण नुसता वारा घालतो."

आणि एके दिवशी सकाळी मत्स्यसाहेब आले.

हा माणूस कालपरवापर्यंत मत्स्य खात्यात होता. संस्कृती खात्यात माणसं कमी पडली, तेव्हा वरून हुकूम आला आणि याला उचलून इकडे टाकलं. अंगानं बारीक, भांग चापून बसवलेला, बोलणं अगदी नम्र. दारातच म्हणाला, "मला यातलं काही म्हणजे काही कळत नाही. पण मी शिकेन." राजकन्येला त्याची दया आली. पुढं जे झालं त्याला सुरुवात या दयेनंच झाली.

काम साधं होतं. सरकारला वर्ष पुरं होत होतं. त्या संध्याकाळी टीव्हीवर एक भव्य चित्रपट दाखवायचा, असं वर ठरलं होतं. शहरभर पोस्टरंही लागली होती: घोड्यावर बसलेला राजा, मागं भगभगीत आकाश. अडचण एवढीच, की परदेशी चित्रपटांनी जनता बिघडते म्हणून खात्यानं सगळे परत पाठवले होते. गोदामाच्या कोपऱ्यात हा एकच राहिला होता, आणि पोस्टर छापणाऱ्यानं राजाच्या पुढचं काही पाहिलं नव्हतं.

चौघांनी तो आधी पाहून घेतला. मत्स्यसाहेबांच्या हातातला चहा निवत गेला.

"राजा... पडतो?" त्यांनी विचारलं.

"पडतो," कानसेन म्हणाला.

"अगदी शेवटी?"

"शेवटी सिंहासनावरून. मध्ये एकदा पायऱ्यांवरून."

चित्रपट होताच तसा. जुलमी राजा, पिचलेली प्रजा. एका लोहाराची मुलगी लोकांना उठवते, सेनापतीला सुरा मारते, लोक राजवाड्यावर चाल करून जातात, राजाचा पुतळा दोर लावून ओढतात आणि राजा खिडकीतून उडी टाकून पळतो. मत्स्यसाहेबांनी फर्मावलं, की नको ते कापून टाका. कानसेननं कापून दाखवलं. उरले चरणारे घोडे आणि विहिरीवर पाणी भरणारी एक म्हातारी.

"म्हातारीचं काम चांगलंय," खलनायक हळूच म्हणाला.

मत्स्यसाहेब मटकन खाली बसले. घरी दोन मुली, म्हातारे सासरे, नोकरी गेली तर काय, असं पुटपुटायला लागले. डोळ्यांत पाणी. राजकन्येला राहवलं नाही. ती म्हणाली, "साहेब, रडू नका हो. चित्रं असू देत तशीच. बोलणं तर आपल्याच हातात आहे ना?"

खलनायकानं बायकोकडे पाहिलं. "म्हणजे ध चा मा?"

"ध चा मा, मा चा काय हवा तो. ओठ जुळले म्हणजे झालं."

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. मत्स्यसाहेब कथा सांगायचे आणि बाकीचे तिला ओठ शोधायचे. पहिला पेच गर्दीचा.

"सगळं गाव राजवाड्यावर धावत का सुटलंय?" कानसेननं विचारलं.

"भेटायला," मत्स्यसाहेब म्हणाले.

"हातात काठ्या-कोयते घेऊन?"

साहेबांनी कपाळ चोळलं. "शेतावरून थेट आलेत. घरी जाऊन ठेवण्याएवढाही धीर नाही. प्रेम आहे!"

लोक जे ओरडत होते त्याचा खरा अर्थ 'चालता हो' असा होता. साहेबांना तिथे 'धन्यवाद' हवं होतं. राजकन्येनं पडद्याजवळ जाऊन तोंडं निरखली. "नाही बसत. पहिल्यांदा तोंड उघडतंय, मग ओठ मिटताहेत, मग मोठा आ. म्हणजे मधे प-फ-ब-भ-म यांतलंच काहीतरी पाहिजे." तिनं स्वतःशीच दोन-चार शब्द चघळून पाहिले आणि एकदम म्हणाली, "आभार!"

बसला! टोपी बसावी तसा बसला. आता गर्दीला गळे हवेत, म्हणून साहेबांनाही माइकपुढं उभं केलं. आधी ते लाजले, पुटपुटले. "पोटातून, साहेब, पोटातून," राजकन्या म्हणाली. मग अशी काही आरोळी निघाली की मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. "आभार! आभार!" ओरडून झाल्यावर साहेब धापा टाकत म्हणाले, "आणखी एकदा घ्यायचं का?" त्या दिवसापासून ते सकाळी स्टुडिओच्या दारात सगळ्यांच्या आधी हजर असायचे.

मग पुतळा. "धुवायला नेताहेत," साहेब म्हणाले. मग सेनापतीला मारलेला सुरा. "ते इंजेक्शन."

"सुऱ्यानं?"

"जुन्या काळी सुया मोठ्या असायच्या."

"पण साहेब, तो मरतो."

"मरत नाही. गुंगी येते."

राजा खिडकीतून पळतो तिथे मात्र सगळ्यांची मती गुंग झाली. दोन दिवस साहेब येरझाऱ्या घालत होते. तिसऱ्या दिवशी उजळ चेहऱ्यानं आले. "राजा लाजतो! लोक इतके आभार मानताहेत, की त्याला कौतुक सोसवत नाही. म्हणून लाजून पळतो."

"खिडकीतून?" राजकन्या म्हणाली.

"दारात माणसं आहेत ना."

राजाला आवाज खलनायकाचा. त्यानं बिचाऱ्यानं जीव तोडून विनम्र व्हायचा प्रयत्न केला, पण आयुष्यभर कोथळे काढलेला गळा तो. "नको, नको, एवढं कौतुक करू नका!" हे वाक्य असं निघालं, की ऐकणाऱ्यानं पुन्हा कुणाचं कौतुक करणार नाही अशी शपथच घ्यावी. अनेकदा घेतलं. शेवटी कानसेननं काचेपलीकडून हात जोडले आणि आहे तेच ठेवलं.

राहिलं लोहाराच्या मुलीचं शेवटचं भाषण. पडदाभर तिचा चेहरा, डोळे पाण्यानं भरलेले, ओठ थरथरताहेत आणि ती बोलतेच आहे, बोलतेच आहे. मूळ भाषण स्वातंत्र्यावर. त्या जागी काय घालावं? देव, देश, धर्म, सगळ्यात धोका. साहेब म्हणाले, "माझ्याकडे एक मजकूर आहे. त्यावर आजवर कुणी आक्षेप घेतलेला नाही." तो मजकूर मत्स्यपालनाच्या माहितीपत्रकातला होता.

राजकन्येनं चाळिशी लावून वाचला. एकदा साहेबांकडे पाहिलं. मग तिनं डोळे मिटले, श्वास घेतला आणि आयुष्याची सगळी कमाई त्या मजकुरात ओतली. "बंधूंनो," तिचा आवाज भरून आला, "तळ्यात बीज सोडण्याआधी... गाळ काढा! अरे, पिढ्यान्‌पिढ्या साचलाय हा गाळ! पाणी हलू द्या. नुसतं साचलेलं पाणी... माशांचा श्वास कोंडतो रे!" कानसेननं हेडफोन काढून डोळे पुसले. मत्स्यसाहेब तर म्हणाले, की इतकी वर्षं हे पत्रक वाटलं, पण त्यात इतका अर्थ असेल असं वाटलं नव्हतं.

वर्षपूर्तीच्या संध्याकाळी नवरा-बायको खालच्या मजल्यावर वन्संकडे टीव्ही बघायला गेले. वन्सं म्हणजे खलनायकाची थोरली बहीण. एकटी राहायची, तिला कमी ऐकू यायचं. टीव्हीचा आवाज तर तिच्या कानात शिरायचाच नाही, भावाचा खर्ज तेवढा पोचायचा. कानसेनही आला होता. तिघं जीव मुठीत धरून बसले.

गर्दी काठ्या उगारत राजवाड्यावर धावली आणि ओरडली, "आभार! आभार!" वरच्या मजल्यावर कुणीतरी फुटल्यासारखं हसलं. पुतळा कोसळला आणि लोहाराची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सावकाश घ्या हं, मागची बाजू नीट घासा." आता समोरच्या इमारतीतूनही हसू यायला लागलं. उन्हाळा होता, खिडक्या सगळ्यांच्याच उघड्या. राजा "नको, नको, एवढं कौतुक करू नका!" म्हणत खिडकीबाहेर पडला, तेव्हा सगळी गल्ली एकाच पोटानं हसावी तशी हसली. वर्षभरात त्या गल्लीत कुणी मोठ्यानं हसलं नव्हतं. आता एक थांबला की दुसरा सुरू व्हायचा. 'गाळ काढा'ला तर कुणीतरी हसता हसता खुर्चीसकट पडल्याचा आवाज आला.

"अहो, आपलं काही खरं नाही," राजकन्या म्हणाली.

वन्संना यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं. तिनं सगळं नुसतं पाहिलं होतं. चित्रपट संपल्यावर समाधानानं पदर सारखा करत ती म्हणाली, "बरं झालं हो, हाकलला मेल्याला. चांगला होता सिनेमा."

दुसऱ्या दिवशी सरकारी गाडी चौकातून गेली, तर फुटपाथवरची माणसं मुठी वळून ओरडली, "आभार! आभार!" गाडीतल्या अधिकाऱ्यानं हात हलवला. वर्तमानपत्रांनी, म्हणजे सगळ्यांनी मिळून, बातमी दिली: 'कृतज्ञ जनतेचा उत्स्फूर्त आविष्कार.' भिंतीभिंतींवर 'गाळ काढा' दिसायला लागलं, तेव्हा नगरपालिकेनं ती स्वच्छतेची मोहीम समजून स्वतःही चार ठिकाणी रंगवलं. मत्स्यसाहेबांना पदक मिळालं. स्टुडिओत येऊन त्यांनी ते तिघांना दाखवलं, प्रत्येकाला एकेकदा लावूनही दिलं.

हे सगळं एका पुलाच्या उद्‌घाटनापर्यंत टिकलं. मंत्री फीत कापायला वाकले आणि मागून हजारभर माणसं "आभार! आभार!" करत धावत आली. मंत्र्यांनी कात्री टाकली आणि जी दिसली त्या गाडीत उडी मारली. ती दूधवाल्याची निघाली. त्या दुपारीच हुकूम सुटला: 'आभार' हा शब्द सार्वजनिक ठिकाणी उच्चारू नये. दुकानांतल्या 'आम्ही आपले आभारी आहोत' या पाट्यांवर काळा रंग फासला गेला. लोक एकमेकांना "तुम्ही होता म्हणून बरं" असं म्हणायला लागले आणि म्हणताना डोळा मारायला लागले. डोळा मारण्यावर बंदी घालायचा विचार झाला होता म्हणे, पण धुळीचे दिवस होते, डोळे सगळ्यांचेच मिचकायचे.

मग बोलावणं आलं. उपमंत्र्यांच्या दालनात राजकन्या, खलनायक, कानसेन आणि मत्स्यसाहेब एका ओळीत उभे. कोपऱ्यात टायपिस्ट. मत्स्यसाहेबांनी पदक खिशात घातलं होतं.

"लोक हसले का?" उपमंत्र्यांनी टेबलावर मूठ आपटली.

राजकन्येनं नवऱ्याला कोपरानं ढोसलं. भीतीनं त्याचा खर्ज आणखीच खोल गेला होता. "आनंद झाला असेल, साहेब," तो म्हणाला. तो आवाज ऐकून उपमंत्री खुर्चीतून अर्धे उठले आणि शिपायानं दाराची कडी धरली.

"हा माणूस मला धमकावतोय!"

"नाही हो साहेब," राजकन्या घाईनं म्हणाली, "त्यांचा आवाजच तसा आहे. घरी झुरळाला भितात."

उपमंत्र्यांनी घाम पुसला. "आरोपपत्र तयार करा. लिहा. सदर इसमांनी चित्रपटातील जुलमी राजा..."

टायपिस्टनं टायपिंग थांबवलं. "साहेब, तो राजा जुलमी नाही. खात्याचा दाखला आहे: प्रेमळ."

"बरं, प्रेमळ राजा. त्यास पाहून लोक हसले, कारण त्यांना असे वाटले की तो म्हणजे..."

टायपिस्टची बोटं हवेत. "तो म्हणजे, साहेब?"

उपमंत्र्यांनी भिंतीवरच्या सर्वोच्चांच्या फोटोकडे पाहिलं, मग टायपिस्टकडे, मग खिडकीकडे. "खोडा ते," ते म्हणाले. दुसरीकडून सुरुवात केली. तीही तिथेच येऊन ठेपली. राजा कुणासारखा वाटतो, हे लिहिल्याशिवाय गुन्हा होत नव्हता, आणि जो लिहील तोच आधी आत जाणार होता. तासभर कागद फाटले. अखेर उपमंत्री म्हणाले, "चालते व्हा," आणि आपण काय म्हणालो ते ध्यानात येऊन गप्प झाले.

म्हणजे आरोप कुणावरच झाला नाही. स्टुडिओच्या दारावर 'दुरुस्तीसाठी बंद' अशी पाटी तेवढी लागली. मत्स्यसाहेबांना मत्स्य खात्यात परत धाडलं आणि पदक काढून घेतलं.

घरी बसायची सवय दोघांनाही नव्हती. राजकन्या डबे घासायची, घासलेले पुन्हा घासायची. खलनायक तर बोलायचाच बंद झाला. मांजर त्याच्या खुर्चीत बसायचं आणि तो उभा राहायचा. एकदा चहा गाळताना राजकन्येच्या डोळ्यांतून पाणीच आलं. "माझंच चुकलं हो. त्या माणसाची दया आली आणि मी बोलून बसले. सगळ्यांचं काम गेलं."

त्यानं कप उचलला. "गल्ली हसली होती," एवढंच म्हणाला आणि चहा घेऊन खाली बहिणीकडे गेला. तीही मागोमाग गेली.

वन्संच्या टीव्हीवर सर्वोच्चांचं भाषण चाललं होतं. दुसरं काही नसायचंच. वन्संनी नेहमीप्रमाणे विचारलं, "काय म्हणतोय रे तो?" एरवी खलनायक दोन वाक्यांत सारांश ओरडून सांगायचा. त्या दिवशी त्यानं सर्वोच्चांच्या तोंडाकडे नीट पाहिलं. ओठ उघडले, मिटले, बोट वर गेलं. त्याच्याही नकळत त्याचा खर्ज त्या ओठांवर जाऊन बसला. "बंधू-भगिनींनो, माझा बूट फार चावतोय! बोटाला फोड आलाय, हा असा, उभा!"

"अरेरे," वन्सं म्हणाली.

राजकन्येच्या नाकातून चहा आला. तेवढ्यात पडद्यावर निवेदिका आली, आणि तिच्या ओठांवर राजकन्येचा कोवळा आवाज चढला. "सर्वोच्चांच्या बोटाच्या फोडाविषयी देशभर चिंता असून, मलम शोधण्यासाठी तीन समित्या..."

"आज पहिल्यांदा या लोकांचं बोलणं पटलं बाई," वन्सं म्हणाली. "रोज का नाही सांगत असं?"

मग रोज सांगायला लागले. आधी वरच्या मजल्यावरचे आले, मग समोरचे. चित्रकार आला. कानसेन पातेली, चमचे घेऊन आला आणि सलामीची परेड वाजवायला लागला. टीव्हीचा आवाज पार बंद करायचा, दार लोटून घ्यायचं आणि बातम्या सुरू. हसायचं ते तोंडावर उशी धरून. वन्संनी घरातल्या सगळ्या उशा वाटून टाकल्या.

एका संध्याकाळी बातम्या भरात असताना दार उघडलं. दारात मत्स्यसाहेब. भांग चापून बसवलेला, बूट हातात.

चित्रकारानं उशी डोक्यावरच घेतली. पडद्यावर सर्वोच्च मुक्यानं बोलत होते, मागे मंत्र्यांची रांग, आणि खलनायकाच्या तोंडून शब्द फुटेना. साहेब दाराशी अवघडून उभे. एकदा टीव्हीकडे बघताहेत, एकदा त्याच्याकडे.

"काय म्हणतोय रे तो?" वन्संनी विचारलं.

सर्वोच्चांचे ओठ उघडत होते, मिटत होते. साहेबांची चुळबुळ वाढत चालली. शेवटी त्यांना अगदीच राहवेना. "अहो, फुकट चाललंय ना सगळं! बघा, बघा, मिटले ओठ. 'म' घ्या. 'मला' घ्या, 'मला'. पुढचं सुचेल."

खलनायकानं श्वास घेतला. "मला," सर्वोच्च म्हणाले, "कुणीतरी खुर्ची द्या हो."

खोलीभर उशा तोंडांवर गेल्या. साहेब दार लोटून आत आले आणि राजकन्येच्या कानाशी लागले. "ते मागे उभे आहेत ना, डावीकडून दुसरे, चष्मेवाले मंत्री? त्यांचं तोंड मोकळंच आहे. ते... मी घेऊ?"

राजकन्येनं त्यांच्याकडे पाहिलं. या माणसापायी स्टुडिओ गेला होता. ती थोडी सरकली आणि शेजारी जागा केली. साहेब मांडी घालून बसले, चष्मेवाल्यानं तोंड उघडताच त्यांनीही उघडलं. आवाज बसका निघाला, ओठ जुळले नाहीत, आणि मंत्री काय म्हणाले ते कुणालाच कळलं नाही.

"पोटातून, साहेब," राजकन्या म्हणाली. "आणि ते बूट आधी खाली ठेवा."